हिलालभाऊंचा कॉलम

जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात हिलालभाऊंपेक्षा जुना एकच, तो कॉलम. दोन मजली नळकांडं, आत चिनीमातीच्या कड्या ठासून भरलेल्या. माथ्यावरच्या भोकाभोकांच्या ताटलीतून पाणी झिरपतं, खालून आम्लाचा धूर चढतो. पाणी कडी न् कडी भिजवत उतरलं की धूर वाटेतच जिरतो. कूलरच्या गवतासारखंच. पाणी एकाच बाजूने वाहिलं तर सगळं फुकट.

हे भाऊंना विसाव्या वर्षी कळलं. त्यानंतर आणखी काही कळून घ्यायची त्यांना गरजच वाटली नाही.

दिवाळीच्या तोंडावर धूर बाहेर यायला लागला. नव्या इंजिनिअर डिंपल मॅडमनी गणित मांडलं. पाणी अर्ध्याच कड्यांवरून उतरतंय, माथ्याचं झाकण उघडून बघू, म्हणाल्या.

"झाकण दसराले मीच लायेल शे," भाऊ गुरकावले. "पुस्तकमानं पानी येगळं, कॉलममानं येगळं. पानी जास्त सोडा."

मॅडमनी वयाचा मान राखला आणि पाणी वाढवलं. वर चढणाऱ्या धुराने ते अडवून धरलं, कॉलम तुंबला आणि माथ्यातून ओकला तो थेट मालकांच्या नव्या कोऱ्या गाडीवर. आम्ही हसू दाबून पोटं धरली. मालक मात्र मॅडमवर उखडले. "शनिवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर नोकरी कायम व्हायचं विसरा!" मॅडमनी भाऊंचं नाव घेतलं नाही. भाऊही गप्प राहिले, आणि मला त्यांचा मनापासून राग आला.

शुक्रवारी कॉलम बंद करून भाऊ स्वतःच शिडी चढले. झाकण उघडलं आणि वरून आवाजच येईना, म्हणून मीही चढून डोकावलो. दसऱ्याला बाकीच्या यंत्रांपुढे नारळ बाहेर ठेवले होते. लाडक्या कॉलमला भाऊंनी तो आत वाहिला होता, लाल कापडात बांधून. कापड सुटून अर्ध्या ताटलीवर पसरलं होतं आणि खालची भोकं बंद.

भाऊंच्या खांद्याला डब्याची पिशवी होती. नारळ तिच्यात सहज मावला असता. त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नारळ हातात घेऊन खाली उतरले.

मॅडम मालकांच्या केबिनमध्ये मान खाली घालून उभ्या होत्या. भाऊंनी ओलाकच्च नारळ टेबलावरच्या कागदांवर ठेवला.

"पानी जास्त सोडाले मीच सांगेल व्हतं, साहेब. मॅडमनं गणित बरोबर शे. नारळ मना शे, आत मीच ठेयेल व्हता."