धाकटीची स्वच्छ जीभ

गल्लीत त्या दोघींना नावानं कुणी हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी, एवढ्यावर भागायचं. एकाच घरात आलेल्या दोन जावा. थोरलीचा नवरा केव्हाच देवाघरी गेला होता. खाली तिचं इस्त्रीचं दुकान आणि दुकानामागे तिची खोली, वर धाकटीचा संसार. मध्ये लाकडी जिना. त्या जिन्यानं दिवसभर थोरलीचा आवाज वर जायचा.

थोरलीचं तोंड सकाळी शटरबरोबर उघडायचं. इस्त्री तापायला वेळ लागे, थोरलीला लागत नसे. कॉलर मळकी आली की गिऱ्हाइकाच्या तोंडावरच, "मेल्या, मानेला पाणी लावलं तर विरघळतोस का रे?" बटण तुटलेलं असलं की त्याच्या अख्ख्या घराण्याचा उद्धार. आणि तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं. शिव्या खाऊन, कडक घडीचे कपडे काखेत मारून लोक हसत जायचे. टेबलाखाली, इस्त्रीच्या उबेला, तिचा कुत्रा पसरलेला असायचा. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला, पोट चांगलं भरलेलं. गल्ली त्याला 'साहेब' म्हणायची, कारण एकदा बसला की त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती. थोरलीनं त्याला कधी साहेब म्हटलं नाही. मुडद्या, भस्म्या, करंट्या, त्या त्या वेळी जे तोंडात येईल ते.

धाकटीचं सगळं उलटं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं थोरलीला पाववाल्याशी बोलताना ऐकलं होतं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून तिनं मागणं मागितलं, "देवा, बाकी काय द्यायचं ते दे, पण ही जीभ देऊ नकोस." देवानं तिचं ऐकलं. तेव्हापासून तिच्या तोंडून वावगा शब्द गेला नाही. दूध उतू गेलं तरी ती म्हणायची, "असू दे, त्यालाही बाहेर यावंसं वाटलं असेल." रोजच्या प्रार्थनेत ती सगळ्यांसाठी मनातल्या मनात मागायची, फक्त थोरलीसाठीचं मागणं जरा स्पष्ट आवाजात व्हायचं. "देवा, त्यांच्या जिभेला थोडा गोडवा दे." जिन्याचं दार तेव्हा उघडं असायचं. वरून खाली जाणारं तेवढंच.

तिच्या गोडव्याबद्दल नवऱ्याला विचारावं. तो कोपऱ्यावर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. घरी यायला उशीर झाला की धाकटी हसून म्हणे, "दमला असाल ना? माझं काय, मी आपली बसले होते." एवढंच. त्या हसण्यानं त्याची भूक मरायची, आणि आपलं नक्की काय चुकलं हे त्याला झोपेपर्यंत कळायचं नाही.

तर अशात एका सकाळी थोरली दुकानाच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. स्ट्रेचरवरूनही तिनं उचलणाऱ्यांना सोडलं नाही. "नीट धरा रे शेळपटांनो, मी काय कपाट आहे?" गाडीचं दार लागायच्या आत मात्र तिनं धाकटीचा हात घट्ट धरला. "अगं, त्या मुडद्याकडे बघ. बाहेरचं काही घालू नकोस. मऊ भात, गाजर आणि हाडांचं पाणी. कोमट झालं की घाल. तो जेवला हे कळल्याशिवाय माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही."

"तुम्ही काळजीच करू नका, ताई," धाकटी म्हणाली.

धाकटीच्या हाताला चव होती, हे थोरलीही मान्य करायची, अर्थात तिच्या पद्धतीनं. धाकटीनं तांदूळ धुऊन मंद आचेवर शिजत ठेवले, शीत बोटांनी चिरडलं की मोडेल इतका मऊ भात केला. गाजरं वेगळी उकडून डावाच्या पाठीनं घोटली. हाडांचं पाणी गाळून घेतलं, वर लोण्याचा एवढासा गोळा सोडला. स्वतःच्या घरातलं चांगलं भांडं काढलं. सगळं कोमट झाल्यावर टेबलाखाली वाकून ती म्हणाली, "ये रे राजा, जेवून घे बाळा."

साहेबानं भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि हनुवटी पुन्हा फरशीवर टेकवली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं भातात अंडं कुस्करलं, मग बटाटा, मग दुधात पाव. "सोन्या, एकच घास." सोन्या पाणी प्यायचा आणि दाराकडे तोंड करून पडून राहायचा. त्याचं भरलेलं पोट आत जाऊ लागलं.

संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन यायचा. "खाल्लं का गं त्यानं?"

"हो ताई, पोटभर. भांडं अगदी चाटूनपुसून." धाकटीच्या स्वच्छ जिभेवरून हे वाक्य इतकं सहज घसरायचं की तिचं तिलाच नवल वाटे. पण खोटं बोलणं निराळं आणि वाईट बोलणं निराळं, अशी तिनं मनाची समजूत घातली. देवाकडे आपण स्वच्छ जीभ मागितली होती ती शिवीपुरती. "आणि तुम्ही जेवलात ना?"

"जेवले गं. दोनदा मागून घेतलं." थोरलीचा आवाज इतका मवाळ येत होता की धाकटीला वाटलं, आपली प्रार्थना पोहोचली.

शेवटी ती कुत्र्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं कागद पुढे ओढला. "नाव काय?"

"नाव असं... नाही."

"मग त्याला हाक कशी मारतात?"

धाकटी कानापर्यंत लाल झाली. "मारतात हो. पण मला नाही मारता येत."

डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, दात पाहिले, तपासणी केली. आजार काही नव्हता. कुत्रा म्हातारा होता आणि मनानं खचला होता. "दोन दिवसांत खायला लागला तर बरं," डॉक्टर म्हणाला, "नाहीतर सलाईन लावावं लागेल, आणि या वयात मी खात्री देत नाही."

घरी येताना धाकटीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. थोरली लंगडत दारात येतेय आणि टेबलाखालची जागा रिकामी आहे. त्या रात्री तिनं कुत्र्यासाठी प्रार्थना केली, जरा लाजतच.

सकाळी ती दुकानात गेली. राहिलेले कपडे गिऱ्हाइकांना परत करायचे होते. समोरच्या शाळेतल्या मास्तरांचा पांढरा सदरा टेबलाच्या कडेला घडी घालून ठेवला होता. तिनं भांडं घेऊन टेबलाखाली वाकत म्हटलं, "बाळा, माझ्यासाठी तरी." बाळानं नाकानं भांडं पुढे ढकललं. भांडं धरायला ती झुकली, वर येताना टेबलाची कड डोक्यात खटकन बसली, आणि मास्तरांचा सदरा घडीसकट भातात पडला.

मग ते तिच्या तोंडून आलं. कुठून आलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मर मेल्या! मुडद्या, तुझ्यासाठी जीव आटवतेय मी, आणि तू राजासारखा नाक मुरडतोस? आयतं समोर येतं म्हणून माज आलाय का? गिळायचं तर गिळ, नाहीतर जा मसणात!"

साहेबाचा पडलेला कान उभा राहिला. तो उठला, अंग झाडलं, शेपटी दोनदा टेबलाच्या पायावर आपटली, आणि त्यानं भांड्यात तोंड घातलं. भात संपला. मग त्यानं मास्तरांचा सदराही मन लावून स्वच्छ केला.

धाकटी तोंडावर हात धरून उभी होती. वर जाऊन तिनं चूळ भरली.

योगायोग असेल, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी पुन्हा प्रेमानं बोलावून पाहिलं, "ये रे राजा." राजा जागचा हलला नाही. मग इकडेतिकडे बघून ती कुजबुजली, "मेल्या." एक कान किंचित हलला, पण तेवढंच. तिनं धीर करून आवाज चढवला. "अरे दुष्टा! दुर्जना! जेव बघू!"

साहेबानं तोंड भिंतीकडे केलं.

"दुर्जनानं नाही भागायचं," जिन्यावरून नवऱ्याचा आवाज आला. "भस्म्या म्हण."

"तुम्ही कशाला आलात?"

"घरात नवीनच आवाज ऐकला, म्हटलं बघावं. आणि असं कसनुसं म्हणू नकोस, मनापासून म्हण."

धाकटी वर गेली. देवाच्या फळीपुढचा पडदा ओढला, दार लावलं, खाली आली, पदर खोचला. "भस्म्या! करंट्या! चर आता! दिवसभर लोळायचं, आणि वर तोंड वाकडं! कष्ट करणाऱ्या बाईची कदर म्हणून नाही!"

कुत्रा जेवायला लागला. नवरा मात्र जिन्यावर एक पायरी वर सरकला, कारण यातलं सगळंच कुत्र्याला उद्देशून होतं अशी त्याला खात्री वाटेना. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मलाही वाढतेस?"

"वाढते ना. बसा तुम्ही."

"असं नको. तसं वाढ."

तिनं डाव उगारला. "बसा मुकाट्यानं! खादाड कुठले! उशिरा येऊन वर मागण्या!"

नवरा त्या दिवशी दोनदा भात घेऊन जेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच बायको कशावर रागावली आहे हे त्याला जेवणाआधी कळलं होतं.

मग तसाच रिवाज पडला. पडदा ओढायचा, खाली जायचं, कुत्र्याला जेवू घालायचं, वर यायचं, चूळ भरायची. चूळ मात्र हळूहळू राहून जायला लागली. साहेबाच्या अंगावर मांस आलं. फोनवर आता "पोटभर" म्हणताना खोटं बोलावं लागत नव्हतं, आणि धाकटीला त्याची थोडी रुखरुखच लागली.

थोरली घरी आली ती वॉकर धरून. गाडीवाल्याला म्हणाली, "थँक्यू हं, दादा. फार सांभाळून आणलंत." गल्लीत दोघंतिघं उभे होते, ते एकमेकांकडे बघायला लागले. साहेब आतून धावत आला.

"आलास का बाळा? हळू हं," थोरली म्हणाली.

साहेब थबकला. त्यानं तिच्या चपला हुंगल्या, आणि मग खरी थोरली मागून येतेय का हे बघायला तो रस्त्यापर्यंत जाऊन आला.

धाकटीनं मागच्या खोलीत अंथरूण घातलं, आणि तोच मऊ भात, तेच गाजर, तेच लोणी थोरलीपुढे ठेवलं. थोरलीनं चमचा भातातून इकडून तिकडे फिरवला. "नको गं. इच्छा नाही. तू किती करतेस माझं. देव तुझं भलं करो."

इतकी वर्षं जिन्याचं दार उघडं ठेवून मागितलेलं धाकटीला मिळालं होतं. थोरलीच्या जिभेवर खडीसाखर होती. पण गादीवर नुसती हाडं राहिली होती, आणि इस्त्रीची वायर गुंडाळलेली पडली होती. दुपारी ताट परत आलं. दुसऱ्या दिवशीही आलं, तिसऱ्या दिवशीही.

"तिकडेही तुम्ही असंच करत होतात का?" धाकटीनं विचारलं. "फोनवर तर दोनदा मागून घेतलं म्हणालात."

"नर्स फार चांगली होती गं. 'आजी, दोन घास' म्हणायची. मीही हो म्हणायचे." थोरली छताकडे बघत होती. "आणि तू नाही का म्हणालीस, चाटूनपुसून? तो माझ्याशिवाय इतक्या सुखानं जेवणारा नव्हे. मला कळत होतं. म्हटलं, तूही कशाला मन दुखवशील."

धाकटी ताट घेऊन वर गेली. देवाच्या फळीपुढे उभी राहिली. पडद्याला हात लावला, आणि मग तो तसाच उघडा राहू दिला. "ऐकायचं असेल तर ऐक," ती देवाला म्हणाली, आणि भात गरम करून दाणदाण पायऱ्या उतरून खाली आली.

"ताई, गिळता की नाही?"

थोरलीनं मान वळवली. "काय म्हणालीस?"

"गिळा म्हटलं! सकाळपासून गॅसपुढे मरतेय मी, आणि तुम्ही मेल्या बाई, चिमणीसारखी चोच लावून ताट परत पाठवताय! लाज नाही वाटत? हे बघा, मरायचंच असेल तर आधी त्या मुडद्याला सांभाळणारी शोधा, मग खुशाल मरा! मला नाही जमायचं, माझा घसा बसलाय!"

साहेबानं, वातावरण योग्य वाटल्यामुळे, आपल्या भांड्यात तोंड घातलं.

थोरलीचे ओठ थरथरायला लागले. धाकटीला वाटलं, आता या रडणार. पण थोरली कोपरावर उठून बसत होती, आणि तिच्या गालांवर बऱ्याच दिवसांनी रंग दिसत होता.

"भवाने! थोरल्या जावेला शिव्या? आणि त्याही असल्या? 'मेल्या बाई' म्हणे! शिवी देताना अहो-जाहो कोण करतं गं? इतकी वर्षं जिन्याशी कान लावून एवढंच शिकलीस?" तिनं चमचा उचलला, घास घेतला, चावला, गिळला. "आणि यात मीठ कमी आहे, करंटे."

"कमी असेल तर घ्या वरून! खुबा मोडलाय, हात नाही मोडले!"

बाहेर मास्तर इतके दिवस अडकलेला सदरा न्यायला दाराशी आले होते. त्याच वेळी धाकटीचा नवरा चष्म्याच्या दुकानातून परतत होता. आतला आवाज ऐकून मास्तर खूश झाले. "अरे वा! थोरल्या बाई बऱ्या झाल्या वाटतं?"

नवऱ्यानं क्षणभर कान दिला. "त्यातल्या त्यात दबक्या आवाजात बोलतेय ना, ती थोरली," तो म्हणाला. "ही मोठ्यानं ओरडतेय ती आमची."

आणि चष्मा नाकावर सरळ करून तो लगबगीनं आत शिरला. आज उशीर करून चालणार नव्हतं.