खालच्या ओळीतला नंबर

मार्च १९५७. फौज सोडून मला दहा वर्षं झाली होती. चामोर्शीच्या शाळेचे हेडमास्तर वासुदेवराव पेपर घेऊन थेट नदीवर आले. मी जाळ्याची फाटकी बाजू विणत बसलो होतो. जातीनं मी धिवर, वैनगंगेत मासे मारणं हा आमचा धंदा. फौजेत वायरलेस ऑपरेटर होतो, नाईक शुकरू.

"शुकरू भाऊ, आफ्रिकेतला गोल्ड कोस्ट इंग्रजांच्या हातून सुटला. नवं नाव घाना. तू त्या लोकांसोबत ब्रह्मदेशात होतास ना? शाळेत येऊन सांग."

"मले भाषण नाई जमत, मास्तर."

"भाषण कोण मागतं? भूगोल सांग. माझ्या नकाशात तो नखाएवढा आहे."

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण पेपरातलं ते नाव वाचलं आणि अंगात काय आलं कोण जाणे, हो म्हणून बसलो.

दुपारी तीनला गेलो. मास्तरांनी गावालाही बोलावलं होतं. माझी माय मागच्या भिंतीशी टेकून बसली होती. मी खडू घेतला आणि कोफीनं बांबूच्या काडीनं रेतीत काढून दाखवला होता तसा तो देश फळ्यावर काढला. कोफी माझ्या वायरलेस सेटची बॅटरी वाहणारा कॅरिअर होता. त्याचं गाव तिथंच समुद्राकाठी. आम्ही मोडक्यातोडक्या फौजी हिंदुस्थानीत बोलायचो, इथं मी ते मराठीत सांगतो.

तर, सगळ्यात खाली समुद्र. किनारा सरळ, आडोसा नाही, लाटा दांडग्या. पश्चिमेचं एक बंदर सोडलं तर जहाज काठाला लागत नाही. ते लांब उभं राहतं आणि माणसं होडीत पोती घालून लाटा फोडत तिथवर नेतात. पोत्यांत कोको. वरच्या बाजूला दाट जंगल आहे, आपल्या अल्लापल्लीकडे आहे तसं, त्यात कोकोची झाडं. त्याच जंगलात सोन्याच्या खाणी आणि इमारती लाकूड. आणखी वर, उत्तरेला, कोरडा गवताचा मुलुख. तिथं बाजरी आणि गुरं. तिकडची माणसं खाणीत आणि कोकोच्या मळ्यात कामाला खाली उतरतात. कोकोचं चॉकलेट होतं, पण कोफीनं चॉकलेट पहिल्यांदा खाल्लं ते फौजेच्या रेशनमध्ये. थू करून म्हणाला, "यासाठी गोरे इतके मरतात?"

मग राज्यकारभार. वर इंग्रज गव्हर्नर, समुद्रकाठच्या किल्ल्यात. गावोगावी मुखिया. मुखियाची खूण म्हणजे लाकडाची बैठक. कोफीच्या लोकांत ती मुलाला मिळत नाही, बहिणीच्या मुलाला मिळते. मुखिया बिघडला तर गावची म्हातारी माणसं त्याला बैठकीवरून उतरवतात.

"आमच्या पाटलाले कोण उतरवते?" मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले. पाटीलही हसला, बिचारा.

"आता तिथी आपलं पार्लमेंट, आपला प्रधानमंत्री," मी म्हणालो. "कोफी असता तर नाचला असता."

तिथंच थांबायला हवं होतं. पण तोंड सुटलं की सुटलं. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, हेही सांगितलं. तिकडं ज्या वारी जन्म, तेच नाव. आपल्याकडे सोमा, मंगरू, बुधा, तसंच. मी शुकरू, तो कोफी. हे कळलं त्या दिवशी त्यानं मला खांद्यावर उचलून सगळ्या प्लॅटूनला दाखवलं होतं, लग्नातला नवरदेव मिरवावा तसं.

तेव्हा मागून माय बोलली. "मंग तो पोरगा आता कुठी हाय?"

"मेला, माय. तिथीच."

"त्याच्या मायले कोणं सांगतलं?"

मी खडू खाली ठेवला. बारा वर्षं हा प्रश्न मी कुणाला विचारू दिला नव्हता. आता पळायला जागा नव्हती. जे झालं ते सांगितलं.

ब्रह्मदेशातलं कालादान नदीचं खोरं, लढाईचा शेवटचा हिवाळा. माझी पोस्टिंग आफ्रिकी डिव्हिजनच्या एका कंपनीबरोबर. तिथं रस्ते नाहीत, खेचरं नाहीत. सगळा बोजा माणसांच्या डोक्यावर. पहिल्या दिवशी कोफीनं फडक्याची चुंबळ केली, वर बॅटरी ठेवली आणि हात सोडून चालू लागला. आमच्या बाया घागर नेतात तसाच. मी हसलो. तो म्हणाला, "हस. सेट तुझा, पण आवाज माझ्या डोक्यावर आहे." पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज, सहाला मार्च. ठरल्या वेळी कंट्रोलशी, म्हणजे मागच्या मुख्य वायरलेस ठाण्याशी, बोलायचं. जंगलात आम्हाला तारीख कळायची लॉगबुकातून. वार कोफीला कळायचा. कमरेच्या दोरीला तो रोज एक गाठ मारायचा.

कंपनीत कोफी दोन होते. दुसरा जंगलातला, कोकोच्या मुलखातला. रोलमध्ये, म्हणजे कंपनीच्या नावं-नंबरांच्या यादीत, दोघं एकाखाली एक. वर जंगलातला, खाली माझा.

त्या दिवशी १५३० वाजता, म्हणजे दुपारी साडेतीनला, एक नाला आडवा आला. पाणी छातीइतकं. चाळीस मिनिटांनी कंट्रोलचा कॉल होता आणि सेट लागेल असा उंचवटा पलीकडे. कॅप्टनसाहेब पुढं निघून गेले होते. कोफी काठावर थांबला. बोट बुडवून चाटलं.

"खारं आहे. समुद्र आत आला आहे. आज मंगळवार."

त्याच्या गावात मंगळवारी कोणी समुद्रात नाव घालत नाही. तो दिवस समुद्राचा. हे त्यानं मला शंभरदा सांगितलं होतं. मी धिवर, मला कळायला हवं होतं. आमच्याकडेही नदीला विचारल्याशिवाय कोणी डोहात उतरत नाही.

मी म्हणालो, "समुद्र कुठी आहे? नाला आहे हा. चल. बॅटरी भिजू देऊ नको."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चुंबळ नीट केली आणि उतरला.

तो मधोमध असताना पलीकडून जपानी मशीनगन सुरू झाली. आमची ब्रेनगन उत्तर देऊ लागली. कोफीला गोळी लागली तेव्हा तो बुडाला नाही. दोन्ही हातांनी बॅटरी वर धरून तो काठापर्यंत चालला. ती गवतावर ठेवली. मग पडला. मी पोचलो तेव्हा संपलं होतं. बॅटरी कोरडी होती.

जपानी गन थांबली. १६१० ला मी सेट लावला. त्याच बॅटरीवर.

"हॅलो कंट्रोल. वन कॅज्युअल्टी. किल्ड. कोफी, कॅरिअर. ओव्हर."

"नंबर दे. ओव्हर."

मी रोल उघडला. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. बोट वरच्या ओळीवर गेलं. तो नंबर वाचला.

"रॉजर. आऊट."

माझ्या गल्लीत चार शुकरू होते. एकाला हाक मारली की चौघं ओ द्यायचे. असली चूक मीच करावी? पण केली.

तीन आठवड्यांनी दुसरा कोफी माझ्यासमोर उभा राहिला. "शुकरू, मी मेलो म्हणे. माझ्या घरी कागद गेला." आधी हसला, मग तिथंच मातीत बसून रडला. त्याची आई त्याला रडून बसली होती. ऑफिसानं तातडीनं तार केली, तो जिवंत म्हणून. आणि माझा कोफी? कॅप्टनसाहेब जखमी होऊन गेले होते. त्याच्या घरी कधी कळवणार, असं विचारलं तर नवे साहेब म्हणाले, "विल सी," म्हणजे पाहू. लॉगवर सही माझी होती. कोर्ट मार्शलच्या भीतीनं मी पुन्हा विचारलं नाही. आठवड्यानं माझी बदली झाली. मी भित्रा निघालो, दुसरं काही नाही.

माय उठली, काठी टेकत फळ्याजवळ आली. "तू रंगूनमंदी होता तवा मी दीड वर्स डाकवाल्याची वाट पायली. ते बाई बारा वर्सं पाहून राह्यली असन. लिव तिले."

मास्तरांनी इंग्रजीत लिहिलं, मी सांगितलं. गावाचं नाव मला पाठ होतं. पत्ता घातला, 'शाळेचे हेडमास्तर' आणि गाव, घाना. मास्तर म्हणाले, सगळ्या देशांत शाळामास्तरच पत्र वाचून दाखवतात.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत तिथल्या हेडमास्तरांचं उत्तर आलं. मी चिखलातून तसाच शाळेत गेलो. मास्तरांनी वाचलं. आई जिवंत होती. तिला फक्त 'बेपत्ता' असं कळलं होतं. बारा वर्षं तिनं त्याचं वल्हं कुणाला धरू दिलं नव्हतं. आता क्रियाकर्म झालं, वल्हं त्याच्या भाच्याला दिलं. आणि शेवटी लिहिलं होतं, आई एकच विचारते, तो गेला तो वार कोणता?

मास्तरांनी चष्मा काढला. "शुकरू भाऊ, हवं तर लिहू, वार आठवत नाही."

मी घरी येऊन मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"एकदा खोटा कागद गेला ना रे तिकडं?"

दुसऱ्या दिवशी लिहून दिलं. वार मंगळवार. पाणी खारं होतं. त्यानं मला सांगितलं होतं. हुकूम माझा होता.

मग त्या गावाहून पत्र आलं नाही. दोन पावसाळे मी डाकवाल्याला अडवून विचारलं. तो बिचारा मला पाहिलं की लांबूनच हात हलवायचा, नाई म्हणून. तिनं मला क्षमा केली की शाप दिला, ठाऊक नाही. दोन्हीला तिचा हक्क आहे.

मंगळवारी माझं जाळं खुंटीला असतं. घाटावरचे लोक विचारतात, "काऊन शुकरू भाऊ, आज नदी नाई?" मी त्यांना कोफीचं नाव सांगतो. त्याचा नंबरही सांगतो, खालच्या ओळीतला. सावकाश, एकेक आकडा, कंट्रोलला द्यायला हवा होता तसा.