रास अल खोरमधलं टेकाड

दुबईत जमीन गोठते असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. आमच्या रास अल खोरच्या कोल्ड स्टोअरमध्ये ती गोठली होती, आणि तिच्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली.

फ्रीझरच्या फरशीखाली हीटरचे पाइप असतात. ते नसले तर वरची थंडी खाली उतरते आणि खाडीजवळची ओलसर जमीन गोठून फुगते. आमचे मॅनेजर मूळचे ठाण्याचे. वीजबिल कमी करायला निघाले आणि हीटरच बंद करून बसले. "दुबईत हीटर? कमाल आहे!" मी तिथली इंजिनिअर, पण तेव्हा मोठ्या सुट्टीवर पुण्याला. परत येऊन बघते तर फ्रीझरच्या मधोमध टेकाड! मासळीचे रॅक वाकडे झालेले, दार लागत नव्हतं.

घरी लेकीला सांगितलं. शाळेत तिचा सायबेरियाचा धडा नुकताच झाला होता. "आई, दॅट्स पर्माफ्रॉस्ट! इन दुबई!" अगदी तेच. तिकडची गोठलेली जमीन हजारो वर्षं आपला तोल सांभाळून असते. गारठली की फुगते, ऊब लागली की बसते. तिच्यावर काही उभं करायचं तर तिच्या कलानं घ्यावं लागतं. आमचीही तेच करत होती.

मॅनेजरना कुठला धीर? रमजानचा माल यायचा होता. एका सकाळी पाहते तर काँक्रीट तासायचं मशीन चालू, मॅनेजर शेजारी उभे, टेकाडाचा एक कोपरा उडालेला. माझं डोकंच फिरलं. सरळ टेकाडावर जाऊन उभी राहिले.

"बंद करो! आज हे तासाल, उद्या खालचा बर्फ वितळला की इथे खड्डा पडेल. रॅक कोसळले तर खाली माणसं असतात, साहेब!"

"मॅडम, तुमचा व्हिसा कंपनीचा आहे, विसरू नका."

"करा रद्द! पण आधी मला इथून हलवून दाखवा."

घर, लेकीची शाळा, सगळं त्या व्हिसावर. तरी हलले नाही. शेवटी मशीनवाल्यानंच बटण बंद केलं आणि म्हणाला, "खलास." बस झालं.

तिथूनच मालकांना फोन लावला, जमीन हळूहळू ऊब देऊन बसवायची म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि "यल्ला, चला, करा" म्हणाले. रॅक रिकामे केले, हीटर अगदी मंद चालू केला. एकदम तापवली असती तर जमीन वेडीवाकडी बसली असती. मॅनेजर रोज विचारायचे, "कधी होणार?" मी म्हणायचे, "तिला वाटेल तेव्हा." उन्हाळा गेला, हिवाळा गेला. फरशी बसत बसत सपाट झाली.

फक्त तो तासलेला कोपरा सोडून. तिथे परातीएवढा खड्डा आहे. फोर्कलिफ्टवाले वळसा घालून जातात. परवा मॅनेजर हळूच म्हणाले, "मॅडम, भरून टाकू या का?"

"अजिबात नाही," म्हटलं. "सगळं टेकाड तासलं असतं तर काय झालं असतं, ते दिसू दे."