भरतीला चढणारं घर

धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं शेवटचं घर माझ्या मावशीचं. दोन खोल्या, वर कौलं, आणि पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं अवजड शिलाई मशीन. बोटींवर टाकायच्या ताडपत्र्या शिवून तिने संसार रेटला, काकांचं आजारपण काढलं आणि दादाला, म्हणजे तिच्या मुलाला, शिकवलं. जाड दोऱ्याने तिची बोटं चिरलेली असायची आणि जीभ त्याहून धारदार. कुणी घासाघीस केली की म्हणायची, "ताडपत्री स्वस्तात देईन हो, पण पाऊस काही सवलत देणार नाही."

त्या पुढच्या खोलीच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर वर, पितळेचा एक जाड खिळा होता. तो बंदराच्या मोजणी खात्याचा. ठोकला तेव्हा तिथे उघडी ओसरी होती. पुढे कुणीतरी ओसरीला भिंती घातल्या आणि सरकारी खिळा घरात आला. वर्षातून एकदा मोजणीवाल्या बाई तिपाईवरची दुर्बीण घेऊन यायच्या. त्यांच्याबरोबर रंगीत आकड्यांची लांब पट्टी धरणारा एक वयस्क माणूस असायचा. त्याला सगळे पट्टीकाकाच म्हणत.

मी एकदा बाईंना विचारलं होतं, की पाणी मोजायला घरात कशाला येता? त्यांनी छान सांगितलं. समुद्र कधी एका जागी उभा राहत नाही. भरतीला दोरी सोडली तर एक खोली मिळते, ओहोटीला दुसरी. मग नकाशावर लिहायचं काय? म्हणून पाणी उतरून उतरून जिथवर जातं, साधारण तिथेच एक शून्य धरायचं. मोजलेल्या खोलीतून त्या वेळची भरती वजा करायची आणि शून्याखाली उरेल तेवढाच आकडा लिहायचा. म्हणजे पाणी कमीत कमी असतानाही बोटवाला फसत नाही. "पण हे शून्य पाण्यात दिसत नाही ना," बाई म्हणाल्या, "म्हणून ते जमिनीवर बांधून ठेवावं लागतं. शून्य या खिळ्याच्या किती खाली, हे आम्हाला माहीत असतं. खिळा हलत नाही, म्हणून शून्य हलत नाही."

मावशीला याचा कोण अभिमान! "एवढा समुद्र, पण त्याचं मोजमाप माझ्या घरातून निघतं," असं ती येईल त्याला ऐकवायची.

त्रास कधी सुरू झाला ते तिलाही नेमकं सांगता येत नव्हतं. आधी दोन खोल्यांमधलं दार अडायला लागलं. रोज नाही. कधी सकाळी अडायचं, कधी दुपारी, आणि काही वेळाने आपोआप सुटायचं. दादाने सुतार आणला. त्याने दाराला रंधा मारला, चौकट ठोकून पाहिली, ओळंबा लावला. जाताना दादाला बाजूला घेऊन म्हणाला, "दारात काही दोष नाही. आईंची तब्येत बरी आहे ना?"

मग दोऱ्याचं रीळ. मशीनच्या फळीवर ठेवलेलं रीळ घडीभर गप्प असायचं आणि मग हात न लावता आतल्या भिंतीकडे गडगडत जायचं. ओहोटी लागली की तेच रीळ खिडकीकडे यायचं. मावशी पायाने मशीन चालवता चालवता थांबायची आणि तळवे जमिनीला टेकवून बसायची. "ऐक," म्हणायची मला. मला काहीच ऐकू यायचं नाही. एकदा मात्र आलं. फरशीच्या खालून, खूप खालून, कुणीतरी घोट गिळल्यासारखा आवाज. मी म्हटलं, "मोरीचं पाणी असेल गं." ती म्हणाली, "मोरी मागे आहे. आणि मोरी श्वास घेत नाही."

अमावस्या-पौर्णिमेला चंद्रसूर्याची ओढ एका रेषेत येते आणि मोठी भरती येते, उधाण येतं, हे धक्क्यावर राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही. मावशीच्या लक्षात आलं की घराची लहरही तेव्हाच चढते. मधल्या दिवसांत, भांगाची नरम भरती असली, की दार शहाण्यासारखं उघडतं. तिने हे दादाला सांगितलं. दादा आणि वहिनी, दोघंही मायेची माणसं. ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, एकटं राहिलं की असं होतं, समुद्राचा आवाज डोक्यात बसतो. गोळ्या दिल्या. त्या घेऊन मावशी भर दुपारी डुलक्या काढायला लागली, आणि एकदा सुई बोटातून आरपार गेली. मग गोळ्या बंद झाल्या. दादाने तिला आपल्याकडे राहायला बोलावलं. ती म्हणाली, "माझ्या डोक्यात समुद्र बसला असेल, तर तो तुझ्याकडेही बरोबर येईल. दोघांना जागा आहे का?"

त्या वर्षी मोजणीवाल्या बाई पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आल्या. मी ताडपत्रीचं एक टोक धरून बसले होते. सकाळी ओहोटी होती. बाईंनी खिळ्यापासून मोजणीला सुरुवात केली. पट्टीकाका पट्टी घेऊन पुढे पुढे, बाई दुर्बीण घेऊन मागे मागे, असे ते भरतीची नोंद ठेवणाऱ्या यंत्रापर्यंत, धक्क्याच्या टोकाला गेले. दुपारी, पाणी वर असताना, त्याच रस्त्याने मोजत परत खिळ्यापाशी आले. निघाले तिथेच पोचले, म्हणजे चढउतारांची बेरीज शून्य यायला हवी. ती आली नाही.

"माझंच चुकलं असेल," बाई म्हणाल्या. चहाही घेतला नाही. पुढच्या दिवशी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी रस्त्यापलीकडच्या कातळावर तिपाई रोवली, आमचं दार सताड उघडायला लावलं, पट्टीकाकांना खिळ्यावर पट्टी धरून उभं केलं आणि दुर्बिणीला डोळा लावून नुसत्या बसल्या. भरती चढत होती. रस्त्यावर ऊन रखरखत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला. "काका, पट्टी उचलू नका."

"नाही उचलत, बाई. खिळ्यावरच टेकलीय."

"आकडा वर सरकतोय."

"मी हललो नाही."

"मग कोण हलतंय?"

 पट्टीकाकांनी मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहिलं आणि हळूच, कुणाला जाग येऊ नये तसं, एक पाऊल उंबऱ्याकडे टाकलं. तेवढ्यात फळीवरचं रीळ सुटलं आणि गडगडत आतल्या भिंतीला जाऊन लागलं.

बाईंनी दुर्बिणीतून डोळा काढला.  "मावशी, तुमचं घर वर चढतंय. या बाजूने दोन बोटं तरी."

मला वाटलं, मावशी आता म्हणणार, बघा, मी सांगत होते! इतकी वर्षं कुणी विश्वास ठेवला नव्हता. पण ती मटकन स्टुलावर बसली. 

"माझ्या डोक्यातच असेल, असं मी रोज स्वतःला समजावत होते गं," ती मला म्हणाली. "तेच बरं होतं. वेडाला औषध तरी असतं."

खात्याने परवानगी आणली, आणि दोन दिवसांनी स्वयंपाकाच्या खोलीतली एक फरशी उचलली गेली. खाली माती नव्हती, फळ्या होत्या. काळ्या, जाड, बोटीच्या तळासारख्या एकमेकींना जोडलेल्या. एका फळीला पट्टीकाकांनी भोक पाडलं. गिरमिटाचं पातं आरपार गेलं, आणि भोकातून वारा आला. गार, शेवाळाच्या वासाचा, थेट तोंडावर. मावशीने दोऱ्याचा एक तुकडा तोडून भोकावर धरला. दोरा ताठ होऊन वर फडफडत राहिला. पाणी पुरतं भरलं तेव्हा तो मलूल होऊन लोंबला. आणि ओहोटी लागली तसा दोऱ्याचा शेंडा खाली वळला आणि भोकात ओढला जाऊ लागला. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत होतो.  घर खरंच श्वास घेत होतं, आणि आता आत घेत होतं.

मग बाईंनी मोजणीची दोरी मागवली. टोकाला शिशाचं लांबट वजन, त्याच्या बुडाला एक खळगा, आणि खळग्यात चरबी भरलेली, तळाला जे असेल ते चिकटून वर यावं म्हणून. भोक मोठं करून त्यांनी वजन सोडलं. स्वयंपाकघरात चुलीशेजारी उकिडवं बसून समुद्र मोजणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. दोरी हातातून सरकत राहिली. खुणेच्या कातड्याच्या पट्ट्या एकामागून एक भोकात गेल्या. पट्टीकाका पुटपुटत मोजत होते, मग मोजायचे थांबले.

"किती?" मावशीने विचारलं.

"बाहेर बोटी जातात त्याहून खोल," बाई म्हणाल्या.

वजन वर ओढलं तेव्हा चरबीला स्वच्छ, धुतल्यासारखी वाळू चिकटली होती. मी म्हटलं, बरं झालं, चिखल नाही. बाईंनी मान हलवली. "साचलेलं पाणी असतं तर तळाला मऊ गाळ मिळाला असता. गाळ नाही, म्हणजे पाणी जोरात येतं आणि जोरात जातं. रोज थोडं थोडं घेऊन जातं."

पुढे कळलं ते असं. फार पूर्वी तिथे बोटी दुरुस्त करायची गोदी होती. ती मोडकळीला आल्यावर कुणीतरी भराव टाकला, वर लाकडी तराफा घातला आणि त्यावर घरं उभी केली. धक्क्याखालून पाण्याला कुठेतरी वाट मिळाली आणि भराव वर्षानुवर्षं वाहून गेला. उधाणाचं पाणी आत शिरलं की कोंडलेली हवा आणि पाणी मिळून तराफ्याला खालून रेटा द्यायचे. मावशीचं घर त्याच्या टोकावर होतं. बंदराच्या खोलीचे आकडे मात्र नव्याने तपासावे लागले, कारण ज्या खिळ्यावर सगळे विसंबले, तो कुठल्या वर्षी भरतीला पाहिला आणि कुठल्या वर्षी ओहोटीला, त्याप्रमाणे शून्यही वरखाली डोलत होतं.

दादा टेम्पो घेऊन आला तेव्हा भरती होती. मावशी उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "थांब. आत्ता नको. घर वर असताना आपण एवढं वजन काढलं, तर काय करेल कोण जाणे." आम्ही सगळे, टेम्पोवाल्यासकट, रस्त्यावर उन्हात पाणी उतरायची वाट बघत उभे राहिलो. कुणी तिला हसलं नाही. ओहोटी लागल्यावर सामान निघालं, मशीन सगळ्यात शेवटी.

शेजारची दोन घरंही रिकामी केली. पुढच्या मोठ्या उधाणाला ती जागा गेली. दोरखंडवाला समोरच्या दुकानातून बघत होता. तो सांगायचा, आवाज म्हणून झाला नाही. भिंती होत्या तशाच उभ्या राहिल्या, जमीन मात्र त्यांच्यामधून खाली उतरली, आणि खिडक्यांतून पाणी दिसायला लागलं. मग भिंती एकेक करून, जणू आत बघायला म्हणून, वाकल्या.

दादाच्या चौथ्या मजल्यावर मावशीला पहिले काही महिने चक्कर यायची. बोटीवरून उतरलेल्या माणसाला जमीन डोलल्यासारखी वाटते ना, तसं. गंमत म्हणजे, गंमत कसली, ती चक्कर भरतीला यायची. रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा, भरती सरकते तशी. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, आवाजही येत नव्हता. ती भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवायची, भिंतीला हात लावायची आणि म्हणायची, "लागलं चढायला." वहिनी आधी घाबरायची. मग तिने मावशीच्या शेजारी भिंतीला टेकून बसायचं ठरवलं, पाणी उतरेपर्यंत. दोघी गप्पा मारायच्या. एरवी सासूसुनांचं जे जमायला वर्षं लागतात, ते त्या तासांत जमलं. हळूहळू चक्कर विरत गेली. मावशीने मशीनला तेल घातलं आणि पुन्हा काम घ्यायला लागली.

दोन वर्षांनी मोजणीवाल्या बाई भेटायला आल्या. खिळा आता रस्त्यापलीकडच्या कातळात ठोकलाय, असं सांगितलं. बरोबर बंदराचा नवा नकाशा होता. रस्ता जिथे संपायचा तिथे आता निळा रंग होता आणि निळ्यात बारीक आकडे. मावशीने चष्मा लावून वाकून पाहिलं. "चूल कुठे होती?" बाईंनी पेन्सिलीचं टोक एका आकड्यावर ठेवलं.

"तेव्हा निघाली होती तेवढीच खोली?"

बाईंनी पेन्सिल उचलली. "नाही. गेल्या वर्षी जास्त होती. या वर्षी त्याहून जास्त. वाळू अजून जातेच आहे."

"कुठे?"

"ते आम्हाला अजून सापडलेलं नाही, मावशी."

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला. मग नकाशाची घडी घालून तो बाईंच्या हातात परत दिला. वहिनीने तोवर चहा आणला होता. मावशी बाईंना म्हणाली, "मागच्या वेळी तसाच राहिला तुमचा. बसा, घ्या."