वाट पाहताना

आमची धाकटी चित्रालयात काम करते. येणाऱ्या लोकांना चित्रं समजावून सांगायची. घरात तिच्या तोंडून एक शब्द काढायचा तर मिनतवाऱ्या कराव्या लागतात, तिथे मात्र पट्टा सुरू. मी तिची मोठी बहीण, म्हणजे हक्काने चिडणारी.

जिन्यावरचं एक चित्र तिचं फार लाडकं. खिडकीशी उभी असलेली तरुण बाई, खाली पाटी: ‘वाट पाहताना’. धाकटी सांगायची, गुलाब म्हणजे प्रेम, दिवा म्हणजे आशा, निळसर संध्याकाळ म्हणजे विरह. हातमोजा काढतेय, म्हणजे त्याचा हात हातात घ्यायला अधीर झालीय. ऐकणारे हळहळायचे. माझं मात्र डोकं फिरायचं, कारण तशीच एक आमच्या घरात उभी होती. हिचं लग्न ठरलं, आणि तो महाभाग परदेशी नोकरीला गेला तो गेलाच. अधूनमधून फोन करून ‘अजून थोडं थांब’ म्हणायचा, आणि ही थांबायची.

यंदा दुसऱ्या शहरातल्या मोठ्या चित्रालयानं तिला बोलावलं. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आई म्हणाली, “तो आला आणि तू इथे नसलीस तर?”

“तर त्यालाही कळेल कसं वाटतं ते,” मी म्हणाले.

सगळं भिजत घोंगडं.

गुरुवारी ती डबा विसरून गेली, म्हणून मी तणतणत द्यायला गेले. जिन्याच्या भिंतीला रंग द्यायचा होता, त्यामुळे ते चित्र उतरवून खाली टेकवून ठेवलं होतं. बाईसाहेब त्याच्यासमोर फरशीवर फतकल मारून बसलेल्या.

“ताई, हिचे बूट बघ.”

“डबा घे आधी.”

“बघ तर. वर असताना कठड्याआड जायचे.”

बघितले. जाडजूड बूट, नाड्या करकचून आवळलेल्या. बाजूला छोटीशी बॅग.

“घरात बसून राहणारी असे बूट घालते का?” धाकटी म्हणाली. “आणि दिव्यातून धूर निघतोय. येणाऱ्यासाठी दिवा लावून ठेवतात गं, विझवतात ते निघताना. गुलाब तर हिने खिडकीत ठेवूनच दिलाय. हातमोजा काढत नाहीये ती, घालतेय. आणि ही संध्याकाळ कशावरून? पहाटही अशीच दिसते.”

“पण पाटीवर तर वाट पाहताना लिहिलंय.”

“बरोबरच आहे,” ती म्हणाली. “पुढची.”

तिने डबा तिथेच उघडला, चाटूनपुसून खाल्ला, हात धुतले आणि त्या चित्रालयाला फोन करून येते म्हणून सांगितलं. आईचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, “तिला मी सांगीन. तू मध्ये पडू नकोस, भांडण वाढवशील.” खरं होतं ते.

रविवारी ती बॅग भरत असताना त्याचा फोन आला. हात मोकळे नव्हते, म्हणून तिने स्पीकर लावला. आई दारात उभी होती.

“थोडंच राहिलंय आता,” तो म्हणाला. “वाट पाहतेयस ना?”

धाकटीने बॅगेची चेन ओढली.

“पाहिली,” ती म्हणाली. “सापडली.”