पाठीवरचा हात

रतन ओव्हाळ टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. बावीस वर्षं तिने कानाला हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडून दिले. मोबाइल आले तशा बोर्डावरच्या बायका कमी होत गेल्या आणि २००४ मध्ये तिला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. त्याच वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ सापडली. स्तन काढावा लागला. मग केमो झाली, मग पाच आठवडे रेडिएशन.

पण गेलेला स्तन जायला तयार नव्हता. धायरीच्या फ्लॅटमध्ये भाजी चिरता चिरता तिला तिथे खाज सुटायची, अगदी टोकाशी. हात न्यावा तर सपाट छाती आणि व्रण. खाजवायला काही नाही, आणि खाज थांबत नाही. एकदा बसमध्ये शेजारच्या माणसाचं कोपर वीतभर लांब असताना ती कळवळून मागे सरकली.

"ताई, लागलं का?" तो गोंधळून म्हणाला.

"नाही," रतन म्हणाली, आणि पुढच्याच स्टॉपला उतरली.

तिची मुलगी निकिता हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. ऑफिसातून तिने इंटरनेटवरच्या माहितीचा गठ्ठा छापून आणला. "आई, स्तन परत तयार करतात. सर्जनला विचारून तर बघू."

डॉक्टर नम्रता दीक्षित यांनी कागदावर चित्रं काढून समजावलं. सिलिकॉनचं इम्प्लांट बसवता येतं, पण रेडिएशनने कडक झालेल्या कातडीखाली ते त्रास देण्याची शक्यता जास्त. पोटाची चरबी आणि कातडी वापरता येते. पण रतनचं गर्भाशय काढताना पोटावर मोठा छेद गेला होता, म्हणून तो मार्ग त्यांना नको वाटत होता. तिसरा मार्ग पाठीचा. खवाट्याखालचा स्नायू वरच्या कातडीसकट सोडवून, काखेखालून फिरवून पुढे आणायचा.

"आणि काहीच न करणं हाही पर्याय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पॅडची ब्रा मिळते. घाई करू नका."

"पाठीचं पुढे आणलं तर पाठीला काय उरतं?"

"आडवा व्रण. काही महिने हात लवकर दमेल. आणि एक गोष्ट, सगळ्यांना होते असं नाही. सुरुवातीला पुढे हात लागला तर तो पाठीला लागल्यासारखा वाटू शकतो."

बाहेर आल्यावर तिचा नवरा दशरथ म्हणाला, "माझ्यासाठी करू नकोस. मला काही फरक पडत नाही."

"मला पडतो," रतन म्हणाली.

ऑपरेशन पाच तास चाललं. पहिल्या दिवशी नर्स तासातासाला यायची, नवीन कातडीवर बोट दाबून रंग परत येतो का ते पाहायची. "कोमट आहे. छान," म्हणायची. छातीतून आणि पाठीतून निघालेल्या नळ्यांच्या बाटल्यांत तांबूस पाणी साचायचं. घरी आल्यावर पाठीत पाणी धरलं. ते दोनदा सुईने काढावं लागलं. सहा आठवडे बादली उचलायची नाही असं सांगितलं होतं. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, आणि दुखलं की तिथेच थांबायचं.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी एकटी असताना, ती ओट्यावर वाकून डबा काढत होती. मागून कुणीतरी खवाट्याखाली तळवा टेकवला.

ती वळली. कुणी नव्हतं. दाराची कडी आतून लावलेली होती. ती परत वाकली, तर तळवा परत आला, यावेळी जरा दाबून.

मग हे रोजचंच झालं. अंघोळीचं पाणी छातीवरून ओघळायचं आणि पाठीवर बोटं फिरायची. साडीचा पदर सरकला तरी मागे कुणी हलल्यासारखं वाटायचं. दार ढकललं की नवीन स्तन आपोआप उडायचा, आत काही जिवंत असल्यासारखा. ती भिंतीला पाठ लावून बसू लागली. तरीही ते भिंत आणि पाठ यांच्या मधे असायचंच.

शेजारच्या वेणूबाईंनी तिच्याकडून हे ऐकलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "तुमच्या पाठीशी कुणीतरी लागलंय. एकांना दाखवून येऊ."

"अहो, असली भुतंखेतं आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घराबाहेर काढली," रतन म्हणाली. पण वेणूबाई गेल्यावर तिने घरातले सगळे दिवे लावले. बाहेर लख्ख ऊन होतं.

पुढच्या तपासणीला तिने हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले. "मी कुठे हात लावतेय?"

"पाठीवर."

"आता?"

"पाठीवर. जरा खाली."

"उघडा डोळे." डॉक्टर समोर होत्या आणि त्यांचं बोट नवीन स्तनावर होतं. "काही नसा स्नायूबरोबर पुढे आल्यात. मेंदूला अजून जुनाच पत्ता माहीत आहे. आणि तो उडतो, कारण तो अजून पाठीचंच काम करतोय."

"म्हणजे केबल हलवली, नंबर जुनाच," रतन म्हणाली.

"अगदी. आरशासमोर बसून रोज स्वतःच हात लावा, बघत बघत. बऱ्याच जणींना वर्षभरात कमी होतं."

कारण कळलं म्हणून भीती लगेच गेली नाही. आरशात हात पुढे दिसायचा आणि मागे लागायचा. ती रोज दहा मिनिटं बसायची, परीक्षेच्या अभ्यासाला बसावं तशी.

दशरथने इतक्या महिन्यांत तिला हात लावला नव्हता. दुखेल म्हणून, असं तो म्हणायचा. एका रविवारी सकाळी त्याने विचारलं, "लावू का?"

तिने होकाराची मान हलवली. त्याने अलगद हात ठेवला. तो समोर दिसत होता, आणि त्याच वेळी मागे उभा होता. रतन शहारली. त्याने हात काढायला घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "दोन्हीकडे तूच आहेस."

दीड वर्षात ते बरंच विरलं. थंडीत मात्र कधी कधी यायचं. नवीन स्तनाचं टोक तयार करण्याचं छोटं ऑपरेशन उरलं होतं. ते तिने केलं नाही. पुरे झालं, म्हणाली. कामावर परतली आणि निवृत्त होईपर्यंत तक्रारी लिहून घेत राहिली.

अजूनही कधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून एखादी बाई तिला भेटायला येते. तिच्याशी बोलताना रतन नळ्या, पाणी, व्यायाम सगळं सविस्तर सांगते. पाठीवरच्या हाताचंही सांगते, काही न लपवता. बाई घाबरते. रतन तिला घाबरू देते, चहा टाकते, आणि मग पुढचं सांगायला बसते.