एका सुपारीची तीन खांडं

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत दुसरा सापडणार नाही. सापडलाच, तर त्या दोघांना एका बाकावर बसवू नये. बाकाची सावलीची बाजू आधी कुणाची, यावर पाळी ठरल्याशिवाय दोघंही टेकायचे नाहीत. साडूंवर हसणारे लोक मी पुष्कळ पाहिले. साडूंच्या गावात, पेठेला, चहाच्या टपरीवर ते रोज सकाळी हजर असतात. त्यांनी हसावं, त्यांना दुसरं काम नाही. पण मी या माणसाचा सख्खा साडू आहे, त्यांच्या हट्टाचा मार मी वीस-बावीस वर्षं खाल्लेला आहे, आणि तरीही सांगतो की त्या टपरीवरच्या सगळ्यांना तागडीत एका बाजूला घातलं तरी साडूंचं पारडं वर जाणार नाही.

साडू पेठेच्या शाळेत पी.टी.चे मास्तर आहेत. उंचीने माझ्या कानाला लागतात, पोट सदऱ्याच्या पुढे चालतं, गळ्यात शिट्टी असते, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. अशा माणसाने बास्केटबॉल शिकवावा, हे त्यांना पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. माझं पिंपरी पेंढारला शेती-औषधांचं दुकान आहे. मलाही ते लग्नानंतर दोन वर्षं खरं वाटलं नव्हतं.

जगातली कुठलीही गोष्ट पाळीने वाटता येते, हा साडूंचा धर्म. त्यांच्या घरात टीव्हीच्या रिमोटला पाळी आहे, झोपाळ्याला आहे, पुरणपोळीच्या पहिल्या घासालाही आहे. एकदा आम्ही सगळे जीप करून भीमाशंकरला निघालो. पुढच्या सीटवर साडू, मागे आम्ही. सासूबाई मोठ्या कष्टाने मांडी घालून, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन कशाबशा स्थिर झाल्या होत्या. शिनोलीला साडूंनी एकदम जीप थांबवली. आम्हाला वाटलं, यांना मळमळतंय. साडू खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "सासूबाई, पुढं या. तुमची पाळी."

"अवो जावईबापू, मी हितं बरी हाये."

"बरं-वाईट न्हाई. पाळी हाय."

सासूबाई डब्यासकट पुढे गेल्या, घाटातला गार वारा लागताच झोपल्या आणि थेट देवळाच्या वाहनतळावर जाग्या झाल्या. परतीच्या वाटेवर पुढची सीट मला आली ती नेमकी मंचरच्या बाजारात, भर उन्हात, ट्रॅक्टरांच्या गर्दीत अडकल्यावर. मी तक्रार केली तर साडू मागून म्हणाले, "पावणं, पाळीला ऊन-सावली नसती."

आता ही पाळी मोजायची कशी? घड्याळावर साडूंचा विश्वास नाही. ते सुपारीवर मोजतात. सदऱ्याच्या खिशात पितळेचा छोटा अडकित्ता आणि एक रोठा सुपारी. ती ते अशी कातरतात की तिन्ही खांडं सोनाराने जोखल्यासारखी सारखी पडतात. एक खांड गालात ठेवायचं, चावायचं नाही, आपोआप विरू द्यायचं. ते संपलं की पाळी संपली. शिनोलीला जीप थांबली, त्याचं कारण त्यांच्या गालात होतं, हे मला फार पुढे कळलं.

ही सुपारी बास्केटबॉलच्या मैदानावर आली तेव्हा मात्र प्रकरण तापलं. शाळेचा जुना संघ चांगला होता. ताडमाड उंच पाच पोरं, दोन्ही तालुक्यांचा चषक जणू त्यांच्याच कपाटातला. मग ती पोरं बारावी झाली, कुणी चाकणच्या कंपनीत लागलं, कुणी पुण्याला गेलं, आणि साडूंच्या हाती नवी पोरं आली. त्यातल्या निम्म्यांना चेंडू आपटत पळायचं म्हटलं की एक तर पळणं थांबायचं किंवा चेंडू. संस्थेचे चेअरमन म्हणाले, "सर, नवा संघ निवांत बांधा. पण यंदा जिंका." हे दोन्ही एकाच दमात. वर हेही सांगून ठेवलं, की यंदाही चषक आला नाही तर त्या मैदानाचा काय उपयोग, शाळेच्या बसगाड्या उभ्या करायला जागा नाही, तिथे शेड टाकू.

म्हणजे मैदान पणाला लागलेलं. आणि इथे साडूंनी गार्डांची वाटणी काढली.

गार्ड म्हणजे कुणी पहारेकरी असावा, अशी माझी समजूत होती. तसं नाही. चेंडू आपल्या टोकापासून पलीकडे घेऊन जायचा, वाटेत कोण मोकळा आहे ते बघायचं, त्याला द्यायचा, हे गार्डाचं काम. साडूंच्या संघात चेंडू नेणाऱ्याची जागा एक आणि पोरं तीन. ओंकार हा अस्सल खेळाडू, डोळ्याचं पातं लवायच्या आत दोघांना चकवणारा. सौरभ अंगाने दणकट, चेंडूपेक्षा समोरच्या पोरावर जास्त आदळणारा. आणि नामदेव, शिनोलीच्या पलीकडच्या भातखाचरांच्या गावचा, मामाकडे शिकायला राहिलेला. हा चेंडू हातात आला की आधी थांबायचा. बघायचा. सगळीकडे नीट बघून झाल्यावर मग द्यायचा. तोवर प्रेक्षकांतल्या आयाबाया कपाळावर हात मारून घ्यायच्या.

कुणीही शहाणा माणूस ओंकारला खेळवेल, बाकीच्या दोघांना पाण्याच्या बाटल्या धरायला देईल. साडूंनी एक सुपारी कातरली. पहिलं खांड ओंकारचं, दुसरं सौरभचं, तिसरं नामदेवचं. सामना चालू असताना बाकावरची पोरं खेळाकडे बघायचीच नाहीत, साडूंच्या गालाकडे बघायची. गाल सपाट झाला, खेळ जरा थांबला, की साडू उठून हाक मारायचे, "ओंकार, मोटार बंद कर. सौरभ, दारं धर." शेतात पाण्याची वाट वळवायला उभं राहण्याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. साडूंचा सगळा बास्केटबॉल असा शेतातला. चेंडू लांब फेकला आणि वाया गेला की "पाट फुटला." समोरच्यांनी घेरलं की "बांधावरून काढ." पंच बिचारे शहरातले, ते मोटार कुठे चालू आहे म्हणून इकडेतिकडे बघायचे.

ओंकारचे वडील नारायणगावच्या बाजाराला टोमॅटोचा टेम्पो चालवतात. त्यांनी एक डोकं लढवलं. कुठून तरी दगडासारखी टणक सुपारी मिळवली आणि सामन्याआधी साडूंना प्रेमाने दिली. पहिली पाळी ओंकारची, तेव्हा पोरगं भरपूर खेळेल, असा हिशेब. साडूंनी ती घेतली, अडकित्त्याला घाम फुटेपर्यंत कातरली, तीन खांडं केली. ओंकार भरपूर खेळला, हे खरं. मग सौरभही तितकाच खेळला. मग नामदेव जो आत गेला तो सामना संपेपर्यंत बाहेर आलाच नाही, कारण त्याचं खांड विरेचना. ओंकारचे वडील तणतणत आले. साडू शांतपणे म्हणाले, "भाऊ, सुपारी तुमचीच व्हती."

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण एकदा मी त्यांना नीट विचारलं. त्यांच्या शेतात, सामाईक विहिरीपाशी बसलो होतो. म्हटलं, "साडूभाऊ, मैदान जाईल. ओंकारला खेळवा की."

त्यांनी विहिरीकडे बोट केलं. "ह्या विहिरीवर माझ्या चुलतीची पाळी व्हती. चुलता वारल्याला. तिचं रान एवढंसं. आमचा थोरला चुलतभाऊ तिच्या पाळीला येऊन मोटार स्वतःच्या रानाला लावायचा. म्हणायचा, पानी जिथं जास्त पिकतं तिथं गेलं पायजे. समद्यांना ते पटायचं. मलाबी पटायचं, राव. तिच्या कांद्याच्या पाती पिवळ्या पडल्या. ती बांधावर बसून बघायची. भांडली न्हाई. दुसऱ्या साली तिनं रान वाट्यानं दिलं आन् परत विहिरीवर आलीच न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नामदेव पिकत न्हाई म्हनता. पानी तर द्या आधी."

टपरीवरच्यांनी हे त्यांना कधी विचारलंच नाही.

अंतिम सामना जुन्नरला, तिथल्याच संघाशी झाला. मी दुकान बंद करून गेलो होतो. चेअरमन पांढऱ्या कपड्यांत, साडूंच्या बाकाच्या मागेच खुर्ची टाकून बसले होते. सामना असा चुरशीचा की कधी हे पुढे, कधी ते. अगदी शेवटाला आमचा संघ एका गुणाने मागे, चेंडू आमच्याकडे, आणि साडूंच्या गालात तिसरं खांड. आत नामदेव.

चेअरमन उठून पुढे आले. "सर, ओंकारला घाला."

साडूंनी मान हलवली. तोंडात सुपारी होती, बोलता येत नव्हतं, किंवा बोलायचं नव्हतं.

"सर, मैदान जाईल. सांगून ठेवतो."

साडूंनी पुन्हा मान हलवली. त्यांच्या मानेवरची शीर उठलेली मला मागून दिसली. हा माणूस त्या मैदानावर उन्हातान्हात पंचवीस वर्षं उभा राहिला होता. त्याच्या चुन्याच्या रेघा सुटीतही स्वतः मारत होता. आपण काय हरणार आहोत, ते त्याच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग चेअरमन सरळ ओंकारकडेच वळले. "ओंकार, ऊठ. जा आत. मी सांगतो."

सगळा बाक ओंकारकडे बघायला लागला. ओंकारचे पाय नुसते वळवळत होते. त्या पोराला आत जायचं नव्हतं असं नाही, त्याचा जीव आतच होता. पण तो खाली बघत म्हणाला, "नामदेवची पाळी हाय, चेअरमन." आणि दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसून राहिला.

नामदेवने चेंडू नेला. थांबला. बघितलं. आणि खरंच सांगतो, त्या गर्दीत जो एकच पोरगा मोकळा होता तो त्याने हेरला आणि बरोबर त्याच्या हातात चेंडू दिला. त्या पोराने टाकला. चेंडू कडीवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला.

हरलो. हरलो म्हणा, खुशाल म्हणा. चेंडू चुकला एकाचा, शिव्या खाल्ल्या नामदेवने आणि साडूंनी. परतीच्या गाडीत नारायणगाव मागे पडल्यावर साडूंनी विचारलं, "नामदेव, कसा दिसला रे तो मोकळा?" नामदेव म्हणाला, "थांबलो ना सर, म्हनून." तेव्हा साडू गालात हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते एकच हसणं.

सुटीत मैदानावर शेड उभी राहिली. लोकांना वाटलं, मास्तर आता अर्जबिर्ज करतील. साडू चेअरमनकडे गेले आणि एवढंच म्हणाले, "जागा तुमची हाय. पोरं माझी हायती." मग त्यांनी विहिरीशेजारचं आपल्या वाट्याचं रान सपाट केलं. ताई, म्हणजे साडूंची बायको, माझी मेहुणी, दोन दिवस बोलल्या नाहीत, कारण ते कांद्याचं रान होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच शेणाने जमीन चोपून दिली. गावातल्या वेल्डरने बोअरच्या जुन्या पाइपाचे खांब करून दिले, फळी प्लायवूडची. आणि ज्या थोरल्या चुलतभावाशी साडूंचं बोलणं नव्हतं, तो म्हातारा काठी टेकत आला, खांब उभा करताना धरून राहिला आणि आल्या वाटेने परत गेला. आता संध्याकाळी तिथे पोरं खेळतात. चेंडू कधी कधी विहिरीत पडतो. तो काढायलाही पाळी आहे.

गेल्या हिवाळ्यात साडूंच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुपारी आजपासून बंद, नाहीतर पुढचं मी बघणार नाही. सगळ्या जगाशी हुज्जत घालणारा हा माणूस गप्प ऐकून घरी आला आणि अडकित्ता ताईंच्या हातात देऊन टाकला. मला वाटलं, आता या माणसाची पाळी मोडली.

त्यानंतरच्या रविवारी जुन्नरचीच ती जिंकलेली पोरं साडूंच्या रानावर खेळायला आली. मी विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो, साडू शेजारी. गाल सपाट. हात सारखा सदऱ्याच्या खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. आत ओंकार खेळत होता, आणि असा खेळत होता की त्याला बाहेर काढायचं माझ्याही जिवावर आलं असतं. साडू त्याच्याकडे बघत होते. किती वेळ झाला, ते त्यांना कळत नव्हतं. मला ते दिसत होतं, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग चेंडू रेघेबाहेर गेला. ओंकारने हात वर केला, चालत बाहेर आला आणि आमच्याजवळ मातीत बसला. सौरभ उठून आत गेला.

साडूंनी विचारलं, "मी कुठं बोलावलं तुला?"

ओंकार बाहीने तोंड पुसत म्हणाला, "पाळी संपली की, सर."

पुढे सौरभ आपसूक बाहेर आला, नामदेव आत गेला, आणि चेंडू घेऊन थांबला. साडूंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, परत काढला. सामना कोण जिंकलं, ते मला आठवत नाही. त्यांना विचारलं तर त्यांनाही सांगता येणार नाही.